बुजवलेली भोकं

१७ एप्रिल १९९७, अहमदनगर

सुप्याजवळच्या नव्या शाळेतली भोकं बुजवली. सगळी.

छताखाली भिंतीत मी हात-हात अंतरावर झरोके ठेवले होते. गरम हवा बाहेर पडावी, वर्गात पंखे लागूच नयेत म्हणून. आज गेले तर भिंती सपाट, वर पांढराशुभ्र चुना. तुकाराम मिस्त्री कौतुकाने भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "ताई, परांचीची भोकं कशी बुजवली बगा. एक बी दिसायचं न्हाई."

परांचीचे बांबू खोचायला गवंडी भिंतीत भोकं ठेवतात आणि काम संपलं की बुजवतात. त्यांना वाटलं, ही तीच. दुसरं काय वाटणार? नकाशा इंग्रजीत, आणि तोही मी ठेकेदाराच्या हातात दिलेला.

गेल्या महिन्यात पुण्याच्या परिसंवादात माइकवर कोण होतं? मीच. पृथ्वी तापतेय, हे एकट्या आर्किटेक्टचं काम नाही, सगळ्यांनी मिळून करायला हवं. टाळ्या पडल्या. आणि या माणसाशी आठ महिन्यांत 'चहा झाला का' याच्यापलीकडे मी बोलले नाही.

ते झरोके होते, हे मी त्यांना सांगितलं. "हवेसाठी हुती व्हय ती?" मिस्त्रींचा चेहरा पडला. "आमच्या घराला बी हायेत की तशी. आदी सांगायचं ना, ताई." त्यांनी छिन्नी उचलली. "फोडू का आत्ता?"

सोबत आलेले हेडमास्तर घाईने म्हणाले, "मॅडम, परवा उद्घाटन आहे. चुना ताजा आहे. पंखे मागवू की आपण."

मिस्त्री छिन्नी धरून माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, राहू द्या.