दादाची झोप

म्हैसूर, मंगळवार, संध्याकाळ

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. लोणचं दोनदा वाढून घेतो, बीपीची गोळी विसरतो, आणि तरी झोपेत त्याचं बीपी शहाण्यासारखं उतरतं. माझं उतरत नाही. दोघांनी एकाच दिवशी चोवीस तास दंडाला बीपी मोजणारा पट्टा बांधला होता, त्याचा निकाल आज कळला.

"वय झालं की रात्रीचं उतरणं कमी होतं, काका," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या.

"अय्यो, मग मी काय तरणा?" दादा हसला. "याला झोपेतही उद्याचा पेपर काढायचा असतो, नोडी, बघा!"

बाईही हसल्या आणि मला रात्रीची एक गोळी वाढवून दिली. अडुसष्टाव्या वर्षी मी म्हातारा, आणि हा शहात्तराव्या... जळलोच मी. खोटं कशाला लिहू?

खोटं आधीच लिहून बसलोय. झोपेच्या वेळा टिपायला बाईंनी कागद दिला होता. वर्तमानपत्राला मजकूर वेळेआधी द्यायची चाळीस वर्षांची सवय, म्हणून मी तो त्या संध्याकाळीच, झोपण्याआधी भरून टाकला. 'दहा ते सहा झोप.' प्रत्यक्षात पहाटेपर्यंत जागा होतो. पलीकडच्या खाटेवर दादा घोरत होता, आणि हा माणूस इतका निवांत कसा, एवढंच डोक्यात. माझे जागेपणीचे आकडे बाईंनी झोपेचे म्हणून वाचले.

नवी गोळी घेण्याआधी त्यांना फोन करायला हवा. जागे का होतात, असं विचारलं तर?

आत्ता सातलाच दादा खुर्चीत घोरतोय. तो उठायच्या आत फोन करून घेतो.