नाल्याकडचे खांब

३ फेब्रु., मंगळ.
परत तेच. मी शिडीवर, साटम खाली सावलीत, आणि अक्कल साटमची. रोज चाळीस खांब झालेच पाहिजेत म्हणे. मी आलो तेव्हापासून हेच चाललंय आमचं. एक चढून दाखव म्हणावं, मग बोल. सुपरवायझर म्हणजे काय, तर गळ्यात पट्टा अन् दोन मोबाइल. दिव्याला वजन असतं हे त्याच्या खांद्याला माहीत नाही.

गावाकडून दादाचा फोन. मुंबईत काय दिवे लावतोस म्हणून हसला. दर वेळी तोच जोक, दर वेळी तेवढंच हसतो. म्हटलं ऐक जरा. जुना पिवळा दिवा काढतो, नवा पांढरा लावतो. त्याच्या डोक्यावर वाटीएवढी टोपी बसते, टोपीत सिमकार्ड. मग दिंडोशीच्या ऑफिसात बसून मॅडम लोक कांजूरचा दिवा लावतात, विझवतात, मंद करतात. दादा म्हणाला, सगळं तिथूनच होतंय तर तुला कशाला ठेवलंय? मला वाटलं चिडवतोय. तो खरंच विचारत होता. ठेवला फोन.

५ फेब्रु., गुरु.
आज आमचीच गल्ली. मी राहतो तीच. एक टोक मेन रोडला, दुसरं नाल्याला, मधे चोवीस खांब. एक नंबर रोडला, चोवीस नाल्याला.

नियम असा, की प्रत्येक खांबापाशी उभं राहून टोपीवरचा स्टिकर मोबाइलने स्कॅन करायचा, मग ती टोपी त्याच खांबावर चढवायची. म्हणजे कुठली टोपी कुठे ते ऑफिसला कळतं. नियम करणारे उन्हात उभे नसतात. आम्ही टपरीवर बसून चोवीसच्या चोवीस स्टिकर ओळीने स्कॅन केले, नकाशावर बोटाने ठिपके सरकवले, टोप्या पिशवीत रचल्या अन् डॉमनिकला दिल्या. ही साटमचीच शिकवण. तेवढी एक कामाची गोष्ट शिकवली त्याने. लॉगिन मात्र माझं, नाव माझं.

डॉमनिक माझा जोडीदार. मढचा. आधी तिकडच्या बंगल्यांवर शूटिंगचे लाइट उचलायचा. म्हणतो, तिथे हीरोच्या तोंडावर उजेड टाकायचो, आता कुत्र्यांच्या. निदान तिथे जेवण मिळायचं.

मेन रोडला ट्रॅफिक, म्हणून शिडीची गाडी नाल्याकडून आत आली. चार वाजता मोकळे. झकास.

७ फेब्रु., शनि.
दिंडोशीच्या कंट्रोल रूममधून प्राची मॅडमचा फोन. हिला मी कधी पाहिलं नाही, नुसता आवाज. आवाजालाही एसी लावलाय. आमच्या गल्लीचं टायमिंग सेट केलं म्हणे. रोडच्या टोकाला दुकानांच्या पाट्या रात्रभर जळतात, म्हणून तिथले दिवे दहानंतर एकदम मंद. नाल्याकडे वस्ती, कठडा नाही, म्हणून तिकडे पूर्ण उजेड. हे कुणाचं डोकं विचारलं. माझंच, म्हणाली. बरं आहे डोकं. पण गल्ली न बघता सांगते ना, म्हणून राग येतो.

९ फेब्रु., सोम.
जेवताना मौशी सुरू झाली. (सुलामौशी. हिच्या खोलीत मी खाट भाड्याने घेतलीय. आईच्या माहेरची, म्हणून मौशी. चार घरी पोळ्या लाटते, शेवटचं घर आटपून यायला साडेदहा.) म्हणे नाल्याकडे तुमचे नवे दिवे नावालाच जळतात, जुना पिवळा बरा होता. म्हटलं, मौशी, पांढऱ्या उजेडाची डोळ्याला सवय लागते, थोडे दिवस जाऊ दे. म्हणाली, डोळे माझे आहेत की कंपनीचे? शेजारच्यांनी पण तक्रार टाकलीय.

यांना काहीही द्या. रडणारच.

१० फेब्रु., मंगळ.
तक्रार दिंडोशीला पोचली. मला पाठवलं. दुपारी बारा, मी बाविसाव्या खांबाखाली, कानाला मॅडम. म्हणाली, बावीस लावते, बघा. वर बघितलं. नाही लागला. परत लावते. नाही लागला. मान दुखायला लागली म्हणून वळलो, तर पार तिकडे रोडच्या टोकाला, बारा वाजताच्या उन्हात, तिसरा खांब चकचकीत जळतोय. खाली केळेवाला तोंड वर करून बघतोय.

डॉमनिक नाल्याकडून आत आला होता. पिशवीतली पहिली टोपी चोवीसवर गेली. शेवटची एकवर. सगळी गल्ली उलटी. मॅडम रोडचे मंद करते, होतात नाल्याचे. तिच्या स्क्रीनवर सगळं हिरवं, कारण दिवे ऐकतायत ना. भलतेच ऐकतायत एवढंच.

मॅडम विचारत होती, लागला का?
मी म्हणालो, हो मॅडम, लागला.

का म्हणालो. शुक्रवारी या गल्लीचं बिल पास होणार म्हणून. अन् नाव माझं आहे म्हणून.

११ फेब्रु., बुध.
साटमला सांगितलं. आधी इकडे तिकडे बघितलं, मग म्हणाला, “गप रव मेल्या. दिवो पेटता ना? मगे झाला.” कोकणातला माणूस रागावला की मालवणीत जातो, याला रागवायचं असलं की हा मुद्दाम जातो. परत स्कॅन केलं तर चुकीचं काम म्हणून ऑफिसला तुझं नाव लाल दिसेल, म्हणाला, माझं नाही. शिकवलं कोणी, म्हटलं. त्याचा पुरावा काय, म्हणाला.

नववी नापास मी. हा बारावी पास. तर एवढ्यासाठी शिकायचं असतं.

१३ फेब्रु., शुक्र.
बिल पास झालं. साटमने वडापाव वाटले. मी खाल्ला. दोन खाल्ले.

१४ फेब्रु., शनि.
मौशी पडली. काल रात्री, बाविसाव्याच्या पुढे जिथे कठडा तुटलाय तिथे. नाल्यात गेली नाही, काठावरच आपटली, उजवं मनगट मोडलं. मी झोपलो होतो. शेजारच्या पोरींनी आणली तेव्हा जागा झालो. सरकारी दवाखान्यात सकाळपर्यंत बसलो. प्लास्टर. दीड महिना लाटणं धरायचं नाही. चारपैकी दोन घरांनी दुसरी बाई बघितली पण. एका घरी तर पोळ्यांचं मशीनच आणतायत म्हणे.

रिक्षात तिला सांगितलं. टोप्यांचं, पिशवीचं, सगळं. मी “लागला” म्हणालो ते पण. तिने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, “तू केलंस होय. मला वाटलं कुणा शिकलेल्याचं काम असेल.”



१५ फेब्रु., रवि.
सुट्टी. डॉमनिक मढहून मामाच्या टेम्पोत शिडी घेऊन आला. त्याला सांगितलं तेव्हा पहिलं म्हणाला, माझी काय चूक, मी आपला पहिल्या खांबापासून लावत गेलो. त्याचा पहिला तो माझा चोविसावा. पण शिडी घेऊन आला. चर्च बुडवून आला, हे दहा वेळा ऐकवलं.

चोवीसवर चढलो, टोपीचा स्टिकर स्कॅन केला. मोबाइल म्हणतो, ही टोपी एक नंबरवर नोंदवलेली आहे, कंट्रोल रूमची परवानगी घ्या. तेवीस. तेच. खाली पोरं जमली, एकाने विचारलं दिवा चोरतोस का. डॉमनिक म्हणाला, नाय रे, परत करतोय.

शिडीवर बसूनच मॅडमला फोन लावला. रविवारी पण ड्युटीवर होती. मला वाटायचं असल्या लोकांना रविवार असतो.

“मॅडम, मंगळवारी बावीस लागला म्हणालो ना. तो नव्हता लागला. तिसरा लागला होता.”

कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाली, “मी रिपोर्टमध्ये लिहिलंय, जागेवर तपासून पाहिलं. तुमच्या शब्दावर लिहिलंय.” आवाजातला एसी गेला होता. म्हणाली, ती पण कंत्राटावर आहे, मार्चमध्ये संपतंय. मी मौशीचं मनगट सांगितलं.

शेवटी म्हणाली, सगळी गल्ली हाताने पूर्ण उजेडावर ठेवते, चोवीसच्या चोवीस. पण हाताने केलेलं शुक्रवारपर्यंतच टिकतं, मग सिस्टीम परत जुन्या टायमिंगवर. तोपर्यंत बिघाड म्हणून अर्ज टाका, मी परवानगी उघडते. अर्ज साटमच्या सहीने जातो, हे तिला माहीत नसावं. किंवा असेल.

संध्याकाळी नाल्यापाशी उभा राहिलो. बाविसावा लख्ख. कठड्याचा तुटका गज दिसत होता, त्याच्यावर कुणीतरी वाळत टाकलेलं फडकं पण. मौशीला म्हटलं, चल बघायला. म्हणाली, माझ्या हाताने दार उघडत नाही, तू बघून ये अन् सांग. आणि खरं सांग.

१६ फेब्रु., सोम.
साटमने अर्जावर सही केली नाही. वर माझं लॉगिन बंद केलं, या महिन्याचा अर्धा पगार धरला, उद्यापासून येऊ नको म्हणाला. मग पाठीमागून येऊन म्हणाला, महिन्याभराने फोन कर, बघू. धड हाकलता पण येत नाही या माणसाला.

डॉमनिक म्हणतो, त्याचं लॉगिन चालू आहे, गुरुवारी त्याच्यावरून दोघं चढू, अर्ज तो मॅडमला सरळ पाठवेल, साटम गेला खड्ड्यात. गुरुवारी येतो की नाही बघू. त्याच्या नावावर पण लाल येईल हे मी त्याला सांगितलंय. हसला नुसता.

रात्रीच्या पोळ्या मी लाटल्या. मौशी खाटेवरून सांगत होती, कड जाड राहिली, फिरव, हात हलका ठेव. साटमपेक्षा वाईट. पण हिने निदान पोळी हातात धरलीय.

आईचा फोन. पगार झाला का? झाला म्हणालो. लगेच म्हणालो, अर्धाच झाला. का, ते तिला पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, सुलाला आधी दे. दिले. दर महिन्याला घरी आठ हजार जातात.

या महिन्याला बावीसशे पाठवतोय.