मागच्या दाराने येणाऱ्या मुली

तीर्थरूप आईस, तुझ्या नर्सबाई लेकीचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. माझ्या कामावरून घरमालकीण हल्ली माझ्याशी बोलत नाही, पण बोलेल हळूहळू.

आमच्याकडे गर्भनिरोधक गोळ्या फुकट मिळतात, पण लोक बघतील म्हणून शाळा-कॉलेजच्या मुली फिरकत नव्हत्या. मी दवाखान्याचं मागचं दार उघडलं. आता रोज चार-पाच जणी येतात, मनातलं विचारतात.

परवा एकीची आई तणतणत आली. मुलीच्या दप्तरात सापडलेलं गोळ्यांचं पाकीट तिने टेबलावर आपटलं. "माझ्या पोरीला बिघडवता होय?"

मी तिला खुर्ची दिली. म्हटलं, "माझी आई सतराव्या वर्षी बाळंतपणात मरता मरता वाचली. तिला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं."

ती खुर्चीत टेकली. मग हळूच म्हणाली, "मलाही नव्हतं." पाकीट उचलून तिने विचारलं, "रोज एकाच वेळेला घ्यायची ना?"

आई, तुझी गोष्ट परक्या बाईला सांगितली, रागावलीस का? आणि आपली धाकटी आता सोळाची झाली. तुला संकोच वाटत असेल तर फोन तिच्या हातात दे. मी बोलते.

तुझीच,
थोरली