पेटीतला प्रोसेसर बदलताना

आप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्हाला पत्र लिहिणं सोपं आहे. तुमच्या नावाने आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवायचे आणि त्यातलं नको ते गाळायचे, तुम्हाला ते माहीतही होतं. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. मी अजून आपल्या डोंगरकडा गावातच आहे, फॉर्म भरून द्यायचं तेच दुकान चालवते. मेंढरं तुमच्यामागे विकली, दोन शेळ्या तेवढ्या ठेवल्या. धाकट्या भावाची पेटीही, कॉम्प्युटरला तुम्ही पेटीच म्हणायचात, अजून मधल्या खोलीत आहे, तुम्ही ठेवायला लावली होती तिथेच. या महिन्यात मी तिच्यातला प्रोसेसर बदलला. प्रोसेसर म्हणजे काय हे तुम्ही एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "आप्पा, त्यो विचार करतो." तुम्ही म्हणालात, "मंग एक तुझ्या डोक्यात बी बसवून घे की." त्यावर आपण तिघंही हसलो होतो.

नांदेडहून ती पेटी आणली तो दिवस मला नीट आठवतो. जीपमध्ये बूड टेकायला जागा नव्हती. तुम्ही पडदा घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतला, आजारी करडू न्यावं तसा, आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरवर ओरडत आलात. पोरगं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, अभ्यासाला लागते म्हणालं. महिन्याभरात तुम्ही दारात उभे राहून बघता तर पडद्यावर ट्रक पळतायत. "दिसभर गाडी हाकतो अन् एक पोतं उतरवीत न्हाई," एवढंच म्हणालात. उन्हाळ्यात आतल्या पंख्याचा आवाज वाढला की तुम्हीच त्याला सांगायचात, "दम लागलाय तिला, जरा थांबू दे." हे आठवलं की पाठोपाठ पुढचंही आठवतं, म्हणून मी ते आठवायचं टाळते.

पुढचं म्हणजे तो दिवस. सिद्धेश्वरच्या धरणाकडे मेंढरं चारायला न्यायची होती, तुम्ही एकटे थकला होतात, आणि त्याला बंगळूरला नोकरी लागली. अंगणात उभं राहून तुम्ही म्हणालात, "गेलास तर माझ्या मयताला बी येऊ नको." तुमचं बोलणं संध्याकाळपर्यंत निवतं हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं. तो लहानपणापासून शब्दाला शब्द धरून चालणारा. एक बॅग घेऊन गेला, पेटी इथेच राहिली.

मग तुमचं अर्धं अंग गेलं. माझं लग्न मोडून मी घरी आलेच होते, त्यामुळे तुमचं सगळं मीच करायचं हे कुणी ठरवावंही लागलं नाही. वर्षभर भरवलं, पुसलं, कूस बदलली. शेवटी नांदेडच्या दवाखान्यात एका सकाळी तुम्ही चांगल्या हाताने माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "लेकराला बोलाव." मी म्हणाले, "फोन लावलाय आप्पा, येऊन राहिला त्यो." मी फोन लावलेला नव्हता. दोन दिवस तुम्ही दाराकडे बघत होतात. कुणीही आत आलं, झाडूवाली आली तरी, तुमची मान हलायची. फोन मी लावला तो तुम्ही गेल्यावर. तो दहाव्याला आला, अंगणात बूट न काढता उभा राहिला आणि एकच विचारलं, "तायडे, आप्पानं माझं नाव काढलं व्हतं का?" मी म्हणाले, "न्हाई." काहून म्हणाले, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. उत्तर फार हलकं आहे. वर्षभर मी तुमच्या उशाशी होते आणि तुम्ही त्याला बोलावलंत. माझा जळफळाट झाला. एवढंच होतं ते, आणि तेवढ्यावर मी तुम्हाला फसवलं आणि त्यालाही.

तो गेला तो परत आला नाही. घरून फोन गेला तर उचलायचा नाही. दोन वर्षांनी एका रविवारी दुपारी मी पेटी पुसायला म्हणून गेले आणि सुरू करून बसले. ट्रकच्या खेळात त्याचं जुनं खातं तसंच होतं, आणि मित्रांच्या यादीत त्याचं तिकडचं नवं नाव, बाजूला हिरवा ठिपका. म्हणजे तो तिकडे, त्या घटकेला, खेळत होता. त्याने लिहिलं, "कोण?" मी लिहिलं, "मी." मग आलं, "चल." तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही दोन ट्रक घेऊन निघायचो, तो पुढे, मी मागे, कानाला हेडफोन. कुठल्या तरी परदेशातले रस्ते, दोन्हीकडे बर्फ. तो सांगायचा, "तायडे, पुढं वळण हाय, ब्रेक मार." मी म्हणायचे, "मारला." घराचं, तुमचं, काही बोलायचं नाही, हे न ठरवताच ठरलेलं. मी दर रविवारी सकाळी ठरवायचे की आज त्याला सांगायचं, आप्पांनी तुला बोलावलं होतं. संध्याकाळी माल पोचायचा आणि पेटी बंद व्हायची. असे शेकडो रविवार गेले, आप्पा.

या वर्षी खेळाची नवी आवृत्ती आली आणि पेटीला ती झेपेना. पडदा अडखळायचा, माझा ट्रक जागीच गोठायचा, तो पुढे निघून जायचा. बोलणंही तुटायचं. त्याच तुटक आवाजात तो एकदा म्हणाला, "पेटी म्हातारी झाली तायडे. अख्खी बदलू नको, परवडायचं न्हाई. आतला मदरबोर्ड राहू दे. त्याच बोर्डावर बसणारा जुन्यातला मोठा प्रोसेसर घे, बराबर चालंल." पेटी हा तुमचा शब्द. तो त्याच्या तोंडून इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकला. मी म्हणून गेले, "पेटी चालू झाली की तुला एक सांगायचंय." तो म्हणाला, "आत्ता सांग की." मी म्हणाले, "न्हाई. चालू झाल्यावर." या वेळी मी स्वतःला पुरतं बांधून घेतलं होतं.

नवा प्रोसेसर घेण्याची माझी ऐपत नाही. नांदेडच्या एका दुकानातून वापरलेला मिळाला, पावडरच्या डबीत कापूस घालून दिला त्यांनी. नव्या प्रोसेसरची ओळख पटावी म्हणून आधी बोर्डातलं मूळचं सॉफ्टवेअर बदलावं लागतं, आणि ते चालू असताना लाईट गेली तर बोर्डच मरतो. आपल्याकडे लाईटचा काय भरवसा. शेजारच्या किराणावाल्याचा इन्व्हर्टर मागून आणला. तेवढं काम निर्विघ्न झालं आणि मला उगाच वाटलं की आता सगळं होईल.

पंखा काढताना घात झाला. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक मलम असतं, ते इतक्या वर्षांत वाळून डिंक झालं होतं. मी खटका सोडला आणि पंखा सरळ वर ओढला. पंख्याबरोबर जुना प्रोसेसरही उपटून आला. त्याच्या खाली केसासारखे बारीक पाय असतात, त्यातले कितीतरी आडवे झाले आणि एक मोडून बोर्डाच्या भोकात राहिला. तो तिथे असेपर्यंत नवा बसणार नव्हता आणि जुना तर गेलाच होता. मी फरशीवर बसून मोठ्याने रडले. आणि तेव्हा तुमची चापट आठवली. मी नऊ वर्षांची असेन, धरणाकडच्या मेंढरांच्या वाड्यावर मेंढीच्या कानाची गोचीड मी अशीच उपटली होती. तुम्ही हातावर फटकन मारलंत. "वढती काहून? गोचीड फिरवून काढत्यात. वढलं की तिचं त्वांड आत ऱ्हातं अन् कान सडतो." तो कान सडलाच. चिघळलेली जखम तुम्ही रोज धूत होतात आणि मला समोर बसवून बघायला लावत होतात. पंखाही फिरवूनच काढायचा असतो, हे मी नंतर मोबाईलवर पाहिलं. हे मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. धनगराच्या पोरीला हे ठाऊक असायला हवं होतं.

तुमचा काटे काढायचा पितळी चिमटा ट्रंकेत होता. त्याचं टोक पाट्यावर घासून बारीक केलं आणि सलग तीन दुपारी, दारातल्या उजेडात, बोर्ड मांडीवर घेऊन तो पाय उकरत बसले. दुकान बंद ठेवलं. तिसऱ्या दुपारी तो निघाला. नवा प्रोसेसर अलगद बसला, मलम लावलं, पंखा आवळला, बटण दाबलं. पडदा उजळला. ट्रक सुरू केला तर लोण्यासारखा धावला. त्या दिवशी गुरुवार होता. माझ्या हातात तीन दिवस होते, आणि त्या तीन दिवसांत मला कळलं की मी पेटी नीट व्हायची वाट बघत नव्हते. ती होऊ नये एवढंच मनातून मागत होते. कारण त्याला सांगणार तरी काय? की बाप तुझी वाट बघत दोन दिवस जगला आणि मी फोन केला नाही? मग रविवारही जाईल. तो मला पुन्हा कधी "ब्रेक मार" म्हणणार नाही.

रविवारी त्याचा मेसेज आला, "चालू झाली का?" मी लिहिलं, "पिन आत अडकली, निघंना." पुढच्या रविवारीही तेच लिहिलं. काल त्याने लिहिलं, "किती दिवस एकटी खटपट करशील. दिवाळीला सुट्टी टाकून येतो मी, बघतो. तुला काय सांगायचंय ते बी तवाच सांग." सात वर्षांत पहिल्यांदा तो येतो म्हणाला, आप्पा. तुम्ही दाराकडे मान वळवून ज्याची वाट बघितलीत, तो आला असता. मी तासभर फोन हातात धरून बसले होते. मग लिहिलं, "येऊ नको उगं. पेटी भंगारात देऊन टाकली." त्यावर त्याने लिहिलं, "बरं."

हे पत्र खरं म्हणजे त्याला धाडायचं. एका बोटाचं काम आहे, त्याचा पत्ता समोर दिसतो आहे. मी ते करणार नाही, तुम्हाला वाचता येत नाही म्हणूनच तुम्हाला लिहिलं. आणि आप्पा, हे सगळं मी त्याच पेटीवर बसून लिहिलं आहे. छान चालते, कुठेच अडखळत नाही.