कठडा आणि माझी तीन मिनिटं

२ फेब्रुवारी, सोमवार
आज दुपारचा चहा पावणेपाचला मिळाला. एरवी सव्वाचारला मिळतो. कारण विचारलं. ही म्हणाली, बाजारातून लांबच्या रस्त्याने यावं लागलं. आमच्या गल्लीतून मेन रोडला उतरायला एकोणीस पायऱ्या आहेत आणि त्यांचा लोखंडी कठडा दोन महिने डुगडुगतोय. हिचा उजवा गुडघा गेल्या वर्षीपासून दुखतो, त्यामुळे धरायला काही नसलं की पायऱ्यांची भीती वाटते. मग पिशवी घेऊन पेट्रोल पंपाला वळसा.

प्रचंड चीड आली. चहा हे केवळ निमित्त. प्रशासनाला जाब विचारायचं ठरवलं. ही म्हणाली, तिथे बोर्डावर तक्रारीचा नंबर लिहिलाय, एक फोन करून टाका ना. हसलो. फोन कुणीही करतो. मी नगरपालिकेच्या सभेत प्रश्न मांडणार. नागरिकांचे प्रश्न असा वेगळा तासच असतो म्हणे.

विमा कंपनीत एकतीस वर्षं काढली, हेड क्लार्क म्हणून रिटायर झालो, पण बोलायची संधी अशी मिळाली नाही. निरोप समारंभात माझी पाळी आली आणि नेमका नाश्ता आला. अर्धं ऑफिस प्लेट घ्यायला उठलं. ते भाषण अजून आतच आहे.

संकल्प: रोज सहाला उठणे. मोठ्याने बोलण्याचा सराव. चहात अर्धाच चमचा साखर.

३ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
उठलो. थंडी होती. साखरेचं उद्यापासून.

५ फेब्रुवारी
नगरपालिकेत जाऊन आलो. सभेचं काम बघणाऱ्या कारकून बाई आहेत. त्यांनी फॉर्म दिला. प्रश्नासाठी पाच ओळी. जादा पानं मागितली. त्या म्हणाल्या, पाच ओळींत बसत नसेल तर तो प्रश्न नसतो. बाईंना अनुभव कमी असावा.

नियम: पंचवीस सह्या हव्यात. बोलायला तीन मिनिटं, मग बेल वाजते. आधी फोनवर तक्रार केली होती का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाब धोरणात्मक आहे. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मुद्दा पटला असावा.

८ फेब्रुवारी, रविवार
सह्या: चार. त्यांपैकी दोन घरातल्याच. ही आणि लेक. लेक बँकेत आहे आणि जिभेला हाड नाही. म्हणाली, बाबा, ही कठड्याची तक्रार आहे की तुमच्या सत्काराची तयारी? दुर्लक्ष केलं.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने सही दिली, पण अट घातली की माझी वर्षभर पडून असलेली पँट आजच न्यायची. नेली. होत नाही. त्याचंच माप चुकलं असणार.

९ फेब्रुवारी
सह्या: सव्वीस! सकाळी बागेत व्यायाम करणाऱ्यांच्या घोळक्यात कागद फिरवला. पटापट सह्या झाल्या. नंतर कळलं, त्यांना ती हजेरी वाटली. असो. जनमत हे जनमत असतं.

अर्ज दाखल केला. पोच घेतली. पोचेची झेरॉक्स काढली.

१३ फेब्रुवारी
भाषणाचा पहिला खर्डा तयार. हिच्या कुकरशेजारचा टायमर लावून वाचला. एक्केचाळीस मिनिटं. ही चौथ्या मिनिटाला झोपली. दिवसभर दमते बिचारी. भाषणाचा दोष नाही.

१४ फेब्रुवारी
काटछाट केली. आता अडतीस मिनिटं. यापुढे एक शब्दही काढता येणार नाही.

१५ फेब्रुवारी
काढले. सव्वाबारा मिनिटं. मानवाने पहिली पायरी कधी बांधली असेल, हा भाग मात्र ठेवलाय. तो जमून आलाय.

सभा झाल्यावर लोक निवडणुकीला उभं राहायचा आग्रह करतील. नम्रपणे नकार द्यायचं वाक्य तयार ठेवलंय. तिसऱ्यांदा विचारलं तर काय म्हणायचं, ते अजून ठरत नाही.

१७ फेब्रुवारी, सायंकाळी
पत्र आलं! प्रश्न क्रमांक चार. २६ तारखेला, सकाळी अकरा. पत्राला लॅमिनेशन करून आणलं.

लेकीने खालची बारीक ओळ मोठ्याने वाचली. संबंधित विभागाला कळवले आहे, काम सभेपूर्वी झाल्यास प्रश्न निकाली समजून पुकारला जाणार नाही. लेक आईला म्हणाली, चला, म्हणजे आठवड्यात होऊनच जाईल. ही एवढी खूश झाली की तिने चहात मला हवी तेवढी साखर घातली.

मला घास गेला नाही. या घरात कुणालाही राजकारण कळत नाही.

१८ फेब्रुवारी
सकाळी सहाला उठलो! पायऱ्यांवर जाऊन बसलो. कुणी आलं नाही. देव आहे.

१९ फेब्रुवारी
सकाळी १०.२० ला आले. मुकादम आणि दोन माणसं, सोबत ड्रिल मशीन. मुकादम म्हणाला, चार बोल्ट बदलायचेत काका, वीस मिनिटांचं काम, जरा बाजूला सरका. मी सरकलो नाही. प्रकरण सभेपुढे विचाराधीन आहे, सभेच्या आधी हात लावलात तर सभेचा अवमान होईल, असं ठणकावलं. तो म्हणाला, असं कधी ऐकलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच तुम्ही मुकादम आहात. हे जरा जास्त झालं. मग त्यांना चहा पाजला.

काम न करता परत जायला त्याला कारण हवं होतं. त्याने रजिस्टर पुढे केलं. मी लिहिलं: नागरिकांची तीव्र हरकत. काम थांबवावे. खाली सही, संपूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात. अक्षर बघून मुकादमही चकित झाला.

सभा आठवड्यावर आलीये. दोन महिने कठडा डुगडुगतोय, तिथे अजून आठ दिवस हिने वळसा घातला तर काय होतंय? शिवाय डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

२० फेब्रुवारी
पुन्हा आले. पुन्हा हरकत, पुन्हा सही, पुन्हा चहा. मुकादम म्हणाला, काका, तुमची तब्येत बरी आहे ना?

ते गेल्यावर ही वरून आली. मला भर उन्हात पायरीवर बसलेलं बघून घरात परत गेली आणि पाण्याची बाटली घेऊन आली. विचारलं तर म्हटलं, पाहणी करतोय. ही म्हणाली, माझ्या गुडघ्यासाठी किती करता हो तुम्ही. मग पिशवी घेऊन पंपाच्या दिशेने गेली. वळणापर्यंत दिसत होती. मधे दोनदा थांबली.

छातीत कसंतरी झालं. पित्त असावं. सोड्याची गोळी घेतली.

२३ फेब्रुवारी
सभेसाठी कठड्याची नेमकी अवस्था नोंदवायला गेलो. जरा हलवून पाहिलं. एक दांडा हातात आला. घरी आणला, पलंगाखाली ठेवला. पुरावा म्हणून उत्तम. वजन मात्र फार आहे. कंबर धरली.

२५ फेब्रुवारी, दुपारी
भाषण: दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. श्वास न घेता.

ही उद्या ऐकायला येणार. ठेवणीतले कपडे काढून ठेवलेत. शेजारणीला फोनवर सांगत होती, आमचे हे उद्या सभेत बोलणार आहेत, माझ्यासाठी. मी आतल्या खोलीत होतो. ऐकू आलं.

२६ फेब्रुवारी, सायंकाळी
झालं ते क्रमाने लिहितो. माझ्यापुरतं.

दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून नेला होता. दारावरच्या पहारेकऱ्याने तो काढून घेतला आणि टोकन दिलं. पहिले तीन प्रश्न भटक्या कुत्र्यांचे होते. तिन्ही एकाच माणसाचे. मग माझा नंबर पुकारला. ही प्रेक्षकांत दुसऱ्या रांगेत, लेक शेजारी, रजा काढून आलेली.

सुरुवात उत्तम. मानवाची पहिली पायरी झाली. अध्यक्ष एकटक माझ्याकडे बघत होते. लेक म्हणते, ते घड्याळाकडे बघत होते, घड्याळ माझ्या डोक्यावर होतं. कठड्यापाशी पोचलो आणि बेल वाजली. अध्यक्ष म्हणाले, आजोबा, प्रश्न काय आहे?

आजोबा! मला चेव आला. भाषणाचा शेवट राखून ठेवला होता, तो टेबलावर मूठ आपटून फेकला. कठडा अजून दुरुस्त का नाही? याला जबाबदार कोण? मला नाव हवंय, नाव!

बांधकाम खात्याचे साहेब उठले. हातात रजिस्टर. म्हणाले, माणसं दोनदा पाठवली होती, दोन्ही वेळा एका नागरिकाने काम थांबवलं. नाव हवंय म्हणता, तर वाचतो. वाचलं. वडिलांच्या नावासकट. माझं अक्षर इतकं सुवाच्य आहे की ते कुठेही अडखळले नाहीत.

सभागृह हसलं. कुत्रेवाला तर खुर्चीवरून घसरला. ही हसली नाही.

मी बसलो. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, एक पुरवणी प्रश्न घेता येतो, अर्जावर सही करणाऱ्यांपैकी कुणीही विचारा. ही उभी राहिली. आयुष्यात चार माणसांत बोललेली नाही. म्हणाली, साहेब, ह्यांना मी घरात बसवते. माणसं कधी पाठवता?

साहेब म्हणाले, उद्या नऊ वाजता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेकीने वेळ मोजली. नऊ सेकंद.

रिक्षाने परत आलो. निवडणुकीचं कुणी विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी
नऊला मुकादम दारात. म्हणाला, काका, एक दांडा कमी आहे. टोकन घेऊन नगरपालिकेत गेलो, दांडा खांद्यावर टाकून आणला. वाटेत शिंपी भेटला. त्याला सगळं माहीत होतं.

काम वीस मिनिटांत झालं. रजिस्टरवर काम समाधानकारक असल्याची सही हिने केली. माझ्याकडे पेन होतं, पण मुकादमाने मागितलं नाही.

दुपारी ही पायऱ्यांवरून बाजारात जाऊन आली. चहा सव्वाचारला दिला. मी विचारलं, कठडा कसा झालाय? म्हणाली, घट्ट आहे. मग म्हणाली, काल तुमचं भाषण मी लक्ष देऊन ऐकलं, पण माझ्या गुडघ्याचं त्यात कुठे होतं?

असणारच, मी म्हटलं. कागद काढले. तीन मिनिटांचा खर्डा पाहिला, सव्वाबाराचा पाहिला, अडतीसचाही पाहिला. शेवटी एक्केचाळीस मिनिटांच्या पहिल्या पानावर सापडलं. दोनच ओळी होत्या. माझ्याच अक्षरात त्यांच्यावर रेघ मारलेली आणि समासात लिहिलेलं: वेळेअभावी वगळावे.

हिला सांगितलं, कागद सापडत नाहीये.