मोतीरामदादाची ओळ

आईस अप्पारावचा जयभीम.

कंपनीत बरं चाललंय, दोन टाइम जेवतो. तुझा गुडघा कसाय?

आमच्या गिटार-ड्रमच्या बँडचं पहिलं गाणं लोक अजून मागतात. मोतीरामदादा नामांतराच्या दंगलीत गेला, तवापासून त्यातली त्याची ओळ आमच्यातलं कुणीच गात नाय. नुसती गिटार वाजते. काल गारखेड्यात ती ओळ अख्ख्या मैदानानं म्हटली. कॅसेट भरताना दादाला दम्यानं धाप लागली होती, ओळ मधीच तुटली होती. लोकंबी नेमके तिथंच थांबले, धाप टाकून पुढं गेले. मी गिटार खाली ठेवली, आई.

लहानपणी त्याचा श्वास ऐकत तू रातभर बसायचीस. आता झोपत जा. इथं त्याचा श्वास लई जण घेतात.

तुझा,
अप्पा