बाशिंगाची राख

४ ऑगस्ट
माझ्या नेच्याचं नाव बदललं! पाच वर्षं ‘ड्रायनेरिया’ ‘ड्रायनेरिया’ करत फिरले, आता कमिटी म्हणते, तो वंश ‘ॲग्लाओमॉर्फा’मध्ये विलीन झालाय, प्रबंधभर दुरुस्ती करा. नेचा बापडा झाडाला चिकटून बसलाय, त्याला पत्ताच नाही. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर त्याला बाशिंग म्हणतात. ते बरं कुणी बदलत नाही!

६ ऑगस्ट
वर्गीकरण उरकलं. राहिलं प्रकरण पाच — पारंपरिक उपयोग. त्यात खैरनार सरांचा, म्हणजे माझ्या गाइडचाच, वीस वर्षांपूर्वीचा पेपर मिरवायचा: बाशिंगाच्या वाळक्या पानांची राख तेलात कालवून लावली की केस येतात. सर स्वतः दर रविवारी लावतात. टक्कल तुळतुळीत!

१० ऑगस्ट
सरांनी पेपरासाठी माहिती घेतली होती, त्याच पाड्यावर गेले होते. सत्तरीच्या पुतळाबाईंनी झाडावरचं बाशिंग दाखवलं. खालची तपकिरी पानं पालापाचोळा धरून ठेवतात. “ते त्याचं ताट,” म्हणाल्या. कंद ठेचून मुरगळलेल्या पायाला बांधतात.

“आणि राख? केसांना?”

बाई हसत सुटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “तो टकला सायेब! लय इचारायचा. सासरा म्हनला, काय तरी सांगून वाटंला लावू याला.”

वीस वर्षं पाडा हसतोय. आणि आम्ही तो पेपर संदर्भात देतोय!

११ ऑगस्ट
आई म्हणाली, “गप्प बस. सही त्यांचीच लागते ना?” लागते. शिवाय सोमवारी सरांची प्राचार्यपदाची मुलाखत. त्यांचं सगळं नाव त्याच पेपरावर.

१२ ऑगस्ट
लिहिलं. पुतळाबाईंच्या नावासकट. आधी लिहिलं होतं — “राखेचा उपयोग: चौकस पाहुण्याला वाटेला लावणे.” खोडलं. मग सरळ: असा उपयोग पाड्यावर कुणी करत नाही, माहिती थट्टेत दिली होती. सरांच्या टेबलावर ठेवलं आणि पळाले.

१४ ऑगस्ट
सर जिन्यात भेटले. नुसती मान हलवली. मेले!

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला सर शेजारीच उभे. जिलेबी न घेताच सटकले.

१८ ऑगस्ट
प्रकरण पाचवर सरांची सही आहे. मुलाखतीला ते गेलेच नाहीत. पेपर मागे घेत असल्याचं पत्र जर्नलला पाठवलंय. मला प्रत दिली. शेवटची ओळ — “चूक माझी, पाड्याची नाही.”